दुसरी खाच

अरबी आकड्यांत २ ला डोक्यावर एक खाच असते, ३ ला दोन. एवढ्याशा खाचेपायी मी ट्रायपॉड घेतला.

आमच्या घरात पत्र्याच्या पेटीत इनामाची एक सनद आहे. तारखेचा भाग वाळवीनं खाल्लाय. उरलाय तो अंगठ्याच्या नखाएवढा शाईचा शिक्का, त्यात हिजरी साल : ११२४ किंवा ११३४. पहिलं म्हणजे इ.स. १७१२, दुसरं १७२१-२२. थोरले चाचा म्हणतात, सनद दख्खनचे सुभेदार सय्यद हुसेन अली खान यांच्या काळातली. पण हुसेन अलींची हत्या १७२० साली झाली. शिक्क्यावरचं साल शिक्का कोरल्याचं असतं. कागद त्यानंतरचा असू शकतो, आधीचा नाही. म्हणजे ११३४ निघालं तर घरातली गोष्ट खोटी.

मोबाइलवर ती खाच पुसट यायची. जवळून फोटो काढताना वस्तूबरोबर हाताचा कंपही मोठा होतो. नीट फोकससाठी भिंगाचं तोंड लहान करावं, तर प्रकाश कमी पडतो आणि शटर सेकंदभर उघडं ठेवावं लागतं. सेकंदभर कुणाचा हात स्थिर राहील?

ही अडचण आजची नाही. १८३९ च्या सुमाराच्या फोटोंना कित्येक मिनिटं लागत, तिपाई आलीच. मेजर रॉबर्ट गिलनं अजिंठ्याची चित्रं वर्षानुवर्षे हातानं उतरवली, त्यातली बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाली. पुढं निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम यझदानी यांनी अजिंठ्यावर १९३० ते १९५५ दरम्यान चार भागांचा ग्रंथ काढला, तो छायाचित्रांच्या आधारावर. लेण्यांतल्या त्या अंधारात कॅमेरा हातात धरून काय दिसणार होतं! हेच यझदानी अरबी-फारसी शिलालेखांचंही संपादन करत. मला त्यांचा धीर हवा होता, खिशात मात्र दोन-अडीच हजार.

पहिल्यांदा फसलो. उंच, हलका, प्लॅस्टिकचा घेतला. कॅमेरा खाली वाकवला की तो सनदेवरच तोंडघशी पडायला बघायचा. कागदासाठी उंची लागतच नाही. मग जुन्या बाजारातून ॲल्युमिनियमचा आणला : पाय जाड, जोड कमी, प्रत्येक पाय वेगळा फाकवता येणारा. मधला दांडा काढून उलटा बसवला की कॅमेरा पायांच्या मधे लटकतो आणि सरळ खाली पाहतो. पाय पूर्ण रुंद करून कपड्यांच्या चिमट्यानं विटेची पिशवी दांड्याला अडकवली (हूक तुटलेला होता, म्हणूनच स्वस्त मिळाला). डोकं मात्र घट्ट पाहून घ्या. स्क्रू आवळल्यावरही कॅमेरा केसभर खाली सरकत असेल तर दुकानातच परत द्या. बटण बोटानं दाबू नये, दोन सेकंदांचा टायमर लावावा. फ्लॅश नको, खिडकीचा तिरपा उजेड पुरतो.

पंखा बंद केला, मुलांना बाहेर पाठवलं. बाराव्या फोटोत आकडा स्पष्ट आला. दोन खाचा.

चाचांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, स्क्रीन जवळ धरली, बोटानं खाचा मोजल्या. मग म्हणाले, "शिक्का दुसऱ्या कुणाचा मागाहून मारला असेल." ही शक्यता खरीच आहे. आता त्याच ट्रायपॉडवर शाई तपासतोय : शिक्का अक्षरांवर पडलाय की अक्षरं शिक्क्यावर.