पाटल्या, पॉलिसी आणि पिक्चर

आमच्या घरात सिनेमाचा विषय निघाला की मी हळूच इतिहासात शिरतो. नव्या नटनट्या मला ओळखू येत नाहीत आणि जे ओळखू येतात ते आता वडिलांच्या भूमिका करतात. इतिहासातली माणसं बदलत नाहीत, शिवाय उलट उत्तर देत नाहीत.

गेल्या रविवारी मात्र उलट उत्तर आलं. जेवता जेवता मी सहज म्हटलं, "पहिला भारतीय चित्रपट 'राजा हरिश्चंद्र'. 3 मे 1913. गिरगावचं कोरोनेशन."

"बाबा, त्याच कोरोनेशनला 1912 च्या मे महिन्यात तोरण्यांचा 'पुंडलिक' लागला होता," चिरंजीव म्हणाले.

मी आमटीचा एक भुरका मारून वेळ काढला. मग म्हटलं, "ते नाटकाचं चित्रण होतं. कॅमेऱ्यामागे साहेब होता आणि फिल्म धुवायला विलायतेला गेली होती. फाळक्यांनी सगळं घरी केलं!"

"तेच म्हणतोय मी. घरीच करायचं. फक्त एक कॅमेरा पाहिजे."

एवढी सगळी चर्चा ही प्रस्तावना होती, हे तेव्हा कळलं. कॅमेऱ्याची किंमत ऐकून मी वाटी खाली ठेवली. "नोकरी लागली की घे," असं वडीलधाऱ्या आवाजात सांगितलं. त्यावर आमची ही भात वाढता वाढता म्हणाली, "एवढं काय त्यात? माझ्या बांगड्या आहेत की."

आता आमच्या शाखेत सोनेतारण कर्जाचं टेबल माझ्याकडे आहे. आमचे मूल्यमापक सराफ दागिना कसोटीवर घासतात, लाख आणि खडे वजा करतात, निव्वळ वजन सांगतात, आणि मी ते लिहून घेतो. अर्जावर सही बहुधा नवऱ्याची असते, हात मात्र बायकोचे मोकळे झालेले असतात. फॉर्ममध्ये 'कर्जाचे कारण' असा एक रकाना आहे. तिथे बहुतेक जण 'घरगुती' लिहितात. या एका शब्दात मुलीच्या लग्नापासून मेव्हण्याच्या रिक्षापर्यंत काहीही मावतं.

रात्री झोप येईना. मनात आलं, 1911 साली धुंडिराज गोविंद फाळके नावाचे गृहस्थ माझ्या टेबलाशी आले असते तर? वय 41. व्यवसाय? सध्या काही नाही. छापखाना उत्तम चालला होता, पण भागीदारांशी बिनसलं आणि बाहेर पडले. त्याआधी पुरातत्त्व खात्यात सरकारी नोकरी होती, ती सोडली. मध्यंतरी जादूचे प्रयोग करत, तेही स्वतःचं आडनाव उलटं करून, 'प्रोफेसर केल्फा' म्हणून! कर्जाचे कारण : गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या चरित्राचं हलतं चित्र पाहिलं, आता आपले राम-कृष्ण तसेच पडद्यावर आणायचे आहेत.

खरं सांगतो, मी बी.कॉम. माणूस. मी त्यांना पाणी दिलं असतं, चहासुद्धा पाजला असता, पण कर्ज दिलं नसतं.

फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, 1912 साली लंडन गाठलं आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. पैसेवाल्यांची खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाणा पेरला, तो उगवताना रोज थोडीथोडी चित्रं घेतली आणि पडद्यावर क्षणात त्याचा वेल करून दाखवला. आमच्याकडे हल्ली प्रोजेक्ट रिपोर्ट मागतात. या माणसाने तो वाटाण्याकडून लिहून घेतला. तरीही पैसा पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले.

नुसते दागिने देऊन त्या थांबल्या नाहीत. दादरच्या घरी साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करत. फिल्मच्या कडेला भोकं पाडायची, ती धुवायची, चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभं राहायचं, हेही त्यांच्याच गळ्यात. तारामतीचं काम करायला कुणी बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाक करणारे साळुंके तारामती झाले. एका स्वयंपाक्याला नटी केल्याचं नवल सगळे सांगतात. त्याच घरात एक बाई स्वयंपाक करून फिल्म धूत होती, त्याचं नवल फारसं कुणी करत नाही. आमच्या हिशेबात ज्याची रक्कम त्याच्या खाती जमा दाखवतात. सरस्वतीबाईंचं खातं बरीच वर्षं कुणी उघडलंच नाही.

आणि मग, दोनच्या सुमारास, आईच्या पाटल्या आठवल्या.

आमच्या वडिलांनीही एकदा नोकरी सोडून वह्या-पुस्तकांचं दुकान काढलं होतं. आईने पाटल्या काढून दिल्या. दीड वर्षात दुकान बसलं. पाटल्या सुटल्या नाहीत. पुढे लग्नकार्यात कुणी विचारलं तर आई म्हणायची, "हात सुजतात हो, घालवत नाहीत." ती असेपर्यंत मी तेच खरं मानलं. या टेबलावर बसू लागल्यावर रोज इतके मोकळे हात पाहिले, तेव्हा कुठे आईचे हात कळले.

फाळक्यांचा वाटाणा उगवला, आमच्या वडिलांचा नाही. पण तराजूत घातलं तेव्हा दोन्हीकडचं सोनं सारखंच होतं. कुठलं उगवणार, हे सांगणारी कसोटी आमच्या सराफांकडेसुद्धा नाही. आणि नफ्याचंच म्हणाल तर फाळक्यांपाशीही तो टिकला नाही. 1944 साली नाशिकला ते गेले तेव्हा हलाखीतच होते. 1969 सालापासून त्यांच्या नावाने सिनेमातला सर्वात मोठा सरकारी पुरस्कार देतात. तो पेपरात वाचला की मला आधी दागिने दिसतात.

सोमवारी ही बांगड्या रुमालात बांधून शाखेत हजर झाली. सराफांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी फॉर्म पुढे ओढला. कर्जाच्या कारणाशी पेन अडलं. 'सिनेमा' लिहिलं तर मॅनेजरसाहेब केबिनमध्ये बोलावणार.

"अहो, लिहा ना," ही म्हणाली.

मी 'घरगुती' असं लिहिलं. पण यावेळी कर्जदाराची सही तिची घेतली आणि जामीन म्हणून खाली माझी केली. आमच्या सोनेतारणाला जामीन लागत नाही, हे सराफांनी दोनदा सांगितलं. म्हटलं, "असू द्या. एका जुन्या खात्यातली बाकी आहे."