जन्मतारीख नावाची भानगड

मंडळी, बॉस्टनजवळ आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. ब्रिटिश वसाहतीच्या काळात इथे जन्मलेल्या एका पूर्वजाची जन्मतारीख ते शोधतायत. गेल्या शनिवारी मीही मदतीला बसलो.

मॅसॅच्युसेट्समध्ये राज्यभर जन्मनोंदणी सुरू झाली १८४१ साली. तसा १६३९ पासून नोंदींचा हुकूम होता, पण पुष्कळांनी गावच्या कारकुनाकडे नोंद केलीच नाही. मग चर्चच्या वह्या. तिथे तारीख मिळते ती बाप्तिस्म्याची, जन्माची नव्हे. चार भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी! जुळी-तिळी नव्हेत हो, आईबाप चर्चचे सभासद झाले की कधीकधी सगळी पोरं एकदम नेत. थडग्यावर मृत्यूची तारीख आणि वय असेल, तर वजाबाकी करायची.

त्यातही गोम आहे. १७५२ च्या आधी इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. जॉर्ज वॉशिंग्टन जन्मला ११ फेब्रुवारी १७३१ ला. नव्या कॅलेंडरने ती तारीख झाली २२ फेब्रुवारी १७३२. अकरा दिवस पुढे, आणि सालही वेगळं!

पूर्वजाची तारीख काही सापडली नाही. मात्र एका मयत शेतकऱ्याच्या मालमत्तेच्या यादीत, गाईबैलांच्या रांगेत, एका गुलाम मुलाचं नाव दिसलं. जन्मतारीख नाही, फक्त किंमत. आम्ही दोघंही गप्प झालो.

माझी पणजी ‘प्लेगच्या साली’ जन्मली, एवढंच घरात ठाऊक. पूर्वी आम्ही हसायचो. पण निदान कुणीतरी ते साल लक्षात ठेवलं होतं.