अकरा ओळी, अडीच तास

२२ मार्च २०१६. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दुपारचे अडीच वाजले होते, आणि ठिकठिकाणच्या प्रोग्रामरांच्या पडद्यांवर एकच तक्रार उमटू लागली : 'लेफ्ट-पॅड' सापडत नाही. #थ्रेड

आज सॉफ्टवेअर सहसा कोणी शून्यातून लिहीत नाही. जावास्क्रिप्टमध्ये काम करणारे 'एनपीएम' या सार्वजनिक भांडारातून तयार पॅकेजेस घेतात. प्रत्येक पॅकेज आपल्याला आणखी कोणती पॅकेजेस, कोणत्या आवृत्तीची लागतात याची यादी सोबत आणते. त्या प्रत्येकाची पुन्हा स्वतःची यादी. हीच डिपेंडन्सी.

लेफ्ट-पॅड या साखळीतला अगदी तळाचा दुवा. अवघ्या ११ ओळी. काम एवढेच, की मजकुराच्या डावीकडे शून्ये किंवा मोकळ्या जागा भरायच्या. ७ चे ००७ करायचे.

तंटा मात्र भलत्याच नावावरून पेटला. लेफ्ट-पॅडचे कर्ते अझर कोचुलू यांचे 'किक' नावाचे दुसरे एक पॅकेज होते. त्याच नावाच्या कॅनडातील मेसेजिंग कंपनीने त्यावर हक्क सांगितला. कोचुलूंनी नकार दिला. एनपीएमने नाव कंपनीला देऊ केले. संतापलेल्या कोचुलूंनी आपली अडीचशेहून अधिक पॅकेजेस भांडारातून काढून घेतली. तेव्हाच्या नियमांनुसार तो त्यांचा अधिकारच होता.

इथे निमित्त आणि कारण वेगळे करायला हवे. दहा मिनिटांत दुसऱ्या एकाने तसेच पॅकेज १.०.० या क्रमांकाने चढवले. तरीही बिघाड थांबेना. 'बेबल' आणि 'ॲटम' यांसारखी मोठी साधने ज्या 'लाइन-नंबर्स'मार्गे लेफ्ट-पॅडपर्यंत पोहोचत, त्याने ०.०.३ हीच आवृत्ती मागितली होती. नवी आवृत्ती आपले काम बिघडवील या धास्तीने आवृत्ती अशी जखडून ठेवतात. त्या दिवशी ही सावधगिरीच अंगाशी आली.

अखेर एनपीएमने बॅकअपमधून ०.०.३ परत आणली. कर्त्याने मागे घेतलेली कृती भांडाराने पुन्हा मांडली. परवाना अत्यंत मोकळा असल्याने कायद्याची अडचण नव्हती. पण एकदा वाटून टाकलेल्या संहितेवर कर्त्याचा शब्द कुठवर चालतो, याचे उत्तर त्या अडीच तासांत मिळून गेले. आठवडाभरात नियमही बदलला : २४ तासांहून जुने पॅकेज कर्त्याला परस्पर काढता येणार नाही, असे तेव्हा ठरले.

२०१७ च्या जावास्क्रिप्ट प्रमाणकात 'पॅडस्टार्ट' ही सोय भाषेतच आली. ७ चे ००७ करायला आता कोणत्याही पॅकेजची गरज उरलेली नाही.