लॅक्स्टन येथील १६३५ चा पाहणीखरडा

इंग्लंडांतील नॉटिंगहॅम परगण्यांत लॅक्स्टन नांवाचें एक लहान खेडें आहे. १०८६ च्या डूम्सडे पाहणींत त्याचा उल्लेख येतो, व गांवाच्या उत्तरेस जुन्या गढीची टेकडी अद्याप आहे. परंतु गढ्या त्या देशांत पुष्कळ. संशोधकानें या गांवाकडे लक्ष द्यावें तें निराळ्याच कारणासाठीं.

१६३५ त मार्क पिअर्स नामक मोजणीदारानें गांवची समग्र पाहणी करून एक खरडा व एक मोठा नकाशा सिद्ध केला. शेताच्या पट्टीन् पट्टीची, धारकाच्या नांवासह, नोंद त्यांत आहे. नकाशावर नांगरणाऱ्यांचीं व कापणी करणाऱ्यांचीं चिमुकलीं चित्रेंही आहेत. तो सांप्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत आहे.

पाहणी करविणारा धनी सर विल्यम कोर्टीन, लंडनचा व्यापारी. हें नांव आमच्या वाचकांस अपरिचित नसावें. त्याच सालीं चार्ल्स राजानें त्याच्या मंडळीस पूर्वेकडील व्यापाराचा परवाना दिला. १६३६ त वेडेलचीं जहाजें गोव्यास आलीं, आणि १६३८ त या मंडळीनें कारवारास वखार घातली. कोर्टीन मात्र १६३६ तच वारला.

इतरत्र अशीं सामायिक शेतें कुंपणें पडून नाहींशीं झालीं. लॅक्स्टनास तीन उरलीं: एकांत गहूं, दुसऱ्यांत वसंतांतील पीक, तिसरें पडीत, असा पाळीचा क्रम. हिवाळ्याच्या तोंडीं पंच गव्हाच्या शेतांत फिरून, कोणाचा नांगर वाटेवर अथवा सामायिक गवतांत शिरला काय, तें पाहतात. दंड गांवच्या न्यायसभेंत होतो. येथें आमच्या गोतसभेची आठवण होते, परंतु साम्य फार ताणूं नये. ती सभा मूळ जमीनदाराची. धनी बदलले: १९५२ त सरकारी शेतकी खातें, १९८१ त क्राउन इस्टेट, २०२० त थोरस्बी इस्टेट. पद्धति मोडली नाहीं.

म्हणून पिअर्सचा कागद शेतावर नेऊन पडताळतां येतो. पुष्कळ पट्ट्या मागाहून एकत्र झाल्या. हेंही कागदामुळेंच कळतें.

आमच्या संग्रहांत एका पाहणीखरड्याचे चार बंद आहेत. तीस वर्षांपूर्वीं वाण्याच्या दुकानीं रद्दीच्या भावानें घेतले. अक्षर सुवाच्य, जिराईत, पाटस्थळ, बिघे, पांड, सर्व नोंदलेलें. पहिला बंद मात्र नाहीं, आणि हे कोणाच्या घरून आले हें विचारण्याचें आम्हांस त्या वेळीं सुचलें नाहीं. तें शिवार कोणत्या गांवचें, हें आम्हांस अद्याप सांगतां येत नाहीं.