तबकडी आणि तालीम

शाहू महाराजांच्या पदरी जयपूर-अत्रौली घराण्याचे गवई अल्लादियाखाँ कोल्हापुरात राहिले ते १९२२मध्ये महाराज जाईपर्यंत. ग्रामोफोनने हिंदुस्थानात पाय रोवले तेही ह्याच वर्षांत. १९०२मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या गैसबर्गने गाणी भरून घेतली, १९०८मध्ये तिथेच तबकड्यांचा कारखाना सुरू झाला, आणि बघता बघता गावोगावच्या दिवाणखान्यांत कर्णे वाजू लागले. खाँसाहेबांची मात्र एकही तबकडी बाजारात आली नाही. नेमक्या त्याच काळात न्यू ऑर्लिन्समध्ये फ्रेडी केपर्ड नावाचा कॉर्नेटवाला होता. रेकॉर्ड भरली तर लोक आपली चीज चोरतील म्हणून त्याने व्हिक्टर कंपनीला नकार दिला आणि वाजवताना तो बोटांवर रुमाल टाकायचा, असं सांगतात. गोष्टीला थोडा मीठमसाला लागला असेल, पण भीती खरी होती. कोल्हापूरच्या गवयाला ती समजावून सांगावी लागली नसती. घराणेदार गायकी झाकून ठेवणारी आणि जॅझ सगळं उघड्यावर मांडणारा, ही जी विभागणी आपण सहज करतो ती म्हणूनच मला पटत नाही. दोन्हीकडे विद्या जपायची होती. फरक एवढाच पडला की जॅझवाल्यांनी रेकॉर्ड एकमेकांत फिरवली आणि तिलाच तालमीत बसवलं. माझ्या मते ही विद्या रेकॉर्डने एकटीने कुणालाच दिलेली नाही. ती सोबत बसून ऐकणाऱ्यांनी दिली.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा जॅझमधल्या सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करचा. १९३७च्या उन्हाळ्यात हा सतरा वर्षांचाही न झालेला पोरगा ओझार्क डोंगरांतल्या एका ठिकाणी बँडबरोबर नोकरीला गेला. जाताना काउंट बेसीच्या बँडमधल्या लेस्टर यंगच्या रेकॉर्डी घेऊन गेला आणि त्याचे सोलो तोंडपाठ करून परतला. गोष्ट इथेच थांबवली की ती एकलव्याची होते, आणि एकलव्य आपल्याला आवडतोच. पण त्याच मुक्कामात बँडमधल्या सोबत्यांनी त्याला स्वरसंगती उलगडून दाखवल्या होत्या. यंग अमुक जागी अमुक स्वर का घेतो, हे रेकॉर्ड सांगत नव्हती. खुद्द यंगही फ्रँकी ट्रमबाउरच्या १९२७च्या रेकॉर्डी ऐकून घडला होता. म्हणजे इथेही परंपरा आहे, तिचा धागा तेवढा लाखेच्या खाचांतून गेलाय. कागदावरून हे काम भागलं नसतं. नोटेशनमध्ये सूर आणि मात्रा येतात, फुंकीचा दाब येत नाही, लयीच्या किंचित मागे रेलणं येत नाही.

यावर कुणी म्हणेल, कोल्हापूरचा आणि सॅक्सोफोनचा संबंध काय? संबंध वरातीचा आहे. आपल्याकडे हे वाद्य लोकांनी पाहिलं ते बहुतेक बँडवाल्यांच्या गळ्यात, क्लॅरिनेटच्या शेजारी, सिनेमाची चाल ओढताना. आणि त्या चालींत जॅझ कुठून आला ते ठाऊक आहे. गोव्यात चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेली मुलं मुंबईला आली. ताजमहाल हॉटेलात १९३५पासून लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड अशा अमेरिकी वादकांचे बँड त्यांनी ऐकले. त्यांतला अंतोनियो वाझ ऊर्फ चिक चॉकलेट लुई आर्मस्ट्राँगच्या धर्तीवर ट्रम्पेट वाजवू लागला. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, १९५१च्या ‘अलबेला’त त्याला घेतलं. तिथून ती लकब सिनेमाच्या रेकॉर्डवर गेली आणि बँडवाल्याने ती रेकॉर्डवरून उचलली. आता उचलणं म्हणजे काय ते जवळून पाहावं. ऑल्टो सॅक्सोफोनवर वाजवलेला ‘सी’ पेटीवर काळी दोनला पडतो. गाणं पांढरी एकमध्ये असेल तर त्याला मनातल्या मनात सगळी बोटं सरकवावी लागतात. त्यात चावीच्या ग्रामोफोनची गती मिनिटाला ७८ फेऱ्यांऐवजी साडेत्र्याहत्तर पडली, तर काळी दोनचं गाणं पांढरी दोनमध्ये उतरतं. म्हणून एकजण सुई उचलून पुन्हा त्याच जागी ठेवणार, दुसरा पेटीवर पट्टी तपासणार, तिसरा म्हणणार, ‘तो निषाद नाही, परत लाव.’ हे एकट्याने होण्यासारखं काम नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: हे सगळं नक्कल शिकवतं, आणि जयपूर-अत्रौलीची गायकी नकलेने येत नाही. खरंच आहे. तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांची. विलंबित तीनतालातली ती गुंफण, एका दमात समेवर येणारी पेचदार फिरत तीत मावणार कशी? मल्लिकार्जुन मन्सूर खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजीखाँकडे आणि १९३७मध्ये ते गेल्यावर भूर्जीखाँकडे समोर बसूनच शिकले. पण याचा अर्थ खाँसाहेबांनी रेकॉर्ड टाळली ते योग्यच केलं, असा मी काढणार नाही. आज त्यांचं गाणं आपल्याला शिष्यांच्या गळ्यातून आणि गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या लेखणीतून अंदाजाने बांधावं लागतं. तबकडीची मर्यादा सांभाळूनही काही सांगता येतं, हे १९३९मध्ये कोलमन हॉकिन्सने ‘बॉडी अँड सोल’मध्ये दाखवलं. मूळ चालीला जेमतेम हात लावून उरलेला सगळा वेळ तो बढत करत राहिला, आणि पुढे सॅक्सोफोनवाल्यांच्या पिढ्यांनी ती बढत पाठ केली. पाठ केली म्हणून ते सगळे हॉकिन्स झाले नाहीत, हेही खरं. आपल्याकडे तरी पलटे घोकून कोण लगेच गवई झालाय?

खाँसाहेबांची शिष्या केसरबाई केरकर रेकॉर्डच्या बाबतीत फारशी उदार नव्हती, पण तिने काही भरल्या. त्यांतली भैरवी, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची, १९७७मध्ये अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीसाठी रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने सुचवली. तोवर ती दुर्मीळ झाली होती. शोधाशोध करून अखेर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती मिळाल्या. त्याच सोनेरी तबकडीवर लुई आर्मस्ट्राँगचं १९२७मधलं ‘मेलन्कली ब्लूज’ही आहे. व्हॉयेजर-१ ५ सप्टेंबरला सुटलं आणि केसरबाई १६ सप्टेंबरला गेली. तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी वाजवायची आहे. लाँगप्लेवरचा अवघड सोलो उतरवताना अर्ध्या वेगावर लावायचे तोच हा वेग. त्यात सूर एक सप्तक खाली जातो पण बोटं ऐकू येतात. झाकणावर सुई कशी ठेवायची ते चित्रात दाखवलंय, आणि एका फेऱ्याला ३.६ सेकंद लागावेत हेही चिन्हांत कोरलंय, म्हणजे जो कुणी ती लावेल त्याने केसरबाईची पट्टी चुकवू नये.