म्हातारीची कोडी आणि हत्तीचे वजन

जपानमधील नागानो प्रांतात ‘ओबासुते’ नावाचे ठिकाण आहे. ‘म्हातारीला टाकून देणे’ असा त्या नावाचा अर्थ. त्याभोवती गुंफलेली कथा अनेकांना ठाऊक असेल. राजाज्ञेनुसार वृद्धांना दूर नेऊन सोडावे लागते; एक मुलगा मात्र आईला घरातच लपवतो. पुढे शेजारचा बलाढ्य राजा अवघड कोडी घालतो, ती ही आई सोडवते आणि राजाज्ञा रद्द होते. अशी प्रथा जपानात खरोखर रूढ होती, याला भक्कम ऐतिहासिक आधार नाही. कथेचा स्वतःचा इतिहास मात्र विलक्षण आहे.

बाराव्या शतकातील ‘कोंजाकु मोनोगातारीशू’ या जपानी कथासंग्रहात ही कथा भारतविषयक विभागात येते. तिचे जुने रूप इ. स. 472 मध्ये चिनी भाषेत अनुवादित झालेल्या एका बौद्ध कथासंग्रहात आहे. म्हणजे जपानी लोकही तिला आपल्याकडून गेलेली कथा मानत होते. वऱ्हाडात एकही म्हातारा आणू नये, ही वधूपक्षाची अट आणि पेटाऱ्यात लपवून नेलेल्या आजोबांनी राखलेली वऱ्हाडाची अब्रू, ही आपल्याकडची गोष्ट तिचीच बहीण म्हणावी लागेल.

यांतील एक कोडे मराठी वाचकास विशेष ओळखीचे वाटेल : हत्तीचे वजन कसे करावे? उत्तर असे की, हत्तीला नावेत उभे करावे, पाणी जिथवर चढेल तिथे खूण करावी, मग तेवढीच नाव बुडेपर्यंत दगड भरावेत आणि ते दगड तोलावेत. भीमेकाठच्या नागरगावी आदिलशाहीतील मुरार जगदेवाने सतराव्या शतकात हत्तीची तुला केली, तेव्हा ही युक्ती शहाजीराजांनी सुचवली, असे परंपरा सांगते. त्या तुलेवरूनच गावाला तुळापूर हे नाव पडले. चीनमध्ये तिसऱ्या शतकातील एका इतिहासग्रंथात हीच युक्ती त्साव त्साव या सेनानीचा लहानगा मुलगा सांगतो.

येथे आम्हांस थबकावेसे वाटते. एकच उत्तर एका कथेत वृद्ध माता देते, दुसरीत कर्तबगार सरदार, तर तिसरीत पाच-सहा वर्षांचे मूल. मग त्या उत्तरावर वार्धक्याची किंमत कशी ठरवावी? कोडे सुटले म्हणून म्हातारी वाचली, हा बोध वरवर सुखद असला तरी त्याच्या तळाशी एक क्रूर अट आहे. उपयोगी पडाल, तर घरात राहाल.

विसरवाडी परिसरातील आमच्या वर्गात बरीच मुले मावची, भिली बोलणाऱ्या घरांतून येतात. लोकसाहित्याच्या पेपरासाठी आम्ही त्यांना घरच्या वृद्धांकडून कथा टिपून आणायला सांगतो. एका वर्षी एका विद्यार्थिनीने कोरी वही पुढे केली. म्हणाली, “सर, आजीला आता काहीच आठवत नाही.” क्षणभर आमच्या मनात आले, हिने दुसऱ्या कुणाला विचारायला हवे होते. त्या विचाराची लाज आजही वाटते. आजी आमच्यासाठी केवळ कथांचे कोठार झाली होती. कोठार रिकामे झाल्यावर आम्ही पुढच्या दाराकडे वळलो होतो.

याचे उत्तर कथेच्याच परंपरेत आहे. दहाव्या शतकातील ‘यामातो मोनोगातारी’त ओबासुतेची कथा आहे, पण तीत राजा नाही, कोडेही नाही. बायकोच्या आग्रहाखातर एक माणूस आपल्याला वाढवणाऱ्या वृद्धेला डोंगरावर सोडून येतो. रात्री त्याच डोंगरावर चंद्र उगवतो, तो पाहून त्याला झोप येत नाही. तो परत जाऊन तिला घेऊन येतो. म्हातारीने काही सिद्ध केलेले नसते. आपल्याकडील तक्कल जातकातही आजोबा कोणतेही कोडे सोडवत नाहीत. बाप त्यांच्यासाठी खड्डा खणतो, तेव्हा सात वर्षांचा नातू शेजारी दुसरा खड्डा खणू लागतो, बापाच्या म्हातारपणासाठी. बापाचे डोळे उघडतात.

आमच्या मते, वृद्धांचे शहाणपण शिकवताना या दोन कथाही कोड्यांच्या कथेशेजारी ठेवाव्यात. बोलीतील शब्द, गाणी, कथा टिपण्याचे काम निकडीचे आहे, याविषयी दुमत नाही. परंतु ज्या आजीला काही आठवत नाही, तिच्याजवळही बसायचे असते. त्या विद्यार्थिनीने पुढे त्या वहीत आजीचा दिवस लिहून आणला : ती कधी उठते, कुणाला हाक मारते, कोणते नाव चुकवते. त्यात एकही लोककथा नव्हती. आम्ही तिला पूर्ण गुण दिले.