क्लोद्सलाइन प्रकल्प

अत्याचारातून वाचलेल्या स्त्रियांनी आपला अनुभव टी-शर्टवर रंगवून तो वाळत घातलेल्या धुण्यासारखा चारचौघांत दोरीवर टांगण्याची कलाचळवळ. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, केप कॉड भागातील स्त्रियांनी ती सुरू केली. ऑक्टोबर १९९० मध्ये हायॅनिस येथे पहिले ३१ शर्ट टांगले गेले. धुणे वाळत घालताना बायका कुंपणापलीकडच्या शेजारणीजवळ मन मोकळे करत, ही आठवण त्यामागे आहे. रंगांचे अर्थ ठरलेले आहेत : पांढरा जीव गमावलेल्या स्त्रीसाठी, पिवळा मारहाण सोसलेल्या, लाल बलात्कारातून वाचलेल्या, तर निळा बालपणी लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीसाठी. घरातले चव्हाट्यावर आणू नये, या धाकाला ही दोरी उत्तर देते : लाज अत्याचार करणाऱ्याने बाळगावी, सोसणारीने नव्हे.